समोरचं दार

रान उडालं त्या दिवशी हेस्टर थर्केटल दोरीवरचे कपडे काढायला धावली, पण ती पोचेपर्यंत चादरी काळ्या झाल्या होत्या.

कॉपर्स फेन म्हणजे चर खणून सुकवलेल्या दलदलीवरचं गाव, तिथली माती तशीच. चहाच्या भुकटीसारखी हलकी, काळी. ओली असली की बुटाला सोडत नाही, वाळली की भुईला धरत नाही. पाऊस रुसला आणि वारा पिसाळला की शेतच उठतं आणि चालू लागतं. त्या दुपारी लोकांनी दिवसाढवळ्या दिवे लावले. जमीनमालक मेजर हार्बर्डचं साखरेचं बीट नुकतं दोन पानांवर आलं होतं. ते मुळासकट उठलं आणि चरात जाऊन पडलं. मागं राहिली ती भुई नुसती, पुसलेल्या पाटीसारखी.

हेस्टरचा नवरा रूबेन ट्रॅक्टरवरून घरी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतलं पांढरं तेवढं दिसत होतं.  तिनं कोमट पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवलं, फडक्यानं मान चोळली. पाणी काळं झालं, दुसरं घेतलं, तेही काळं झालं. मग तो बोलला. सगळं पुन्हा पेरायचं, म्हणाला.

पुन्हा पेरणी म्हणजे विरळणी पुढे गेली. बीट दाट उगवतं. लांब दांड्याच्या खुरप्यानं एक रोप ठेवायचं, भोवतालची उडवायची, असं ओळीमागून ओळ चालत राहायचं. ते काम बायकांच्या टोळीचं. कमरेला गोणपाट, डोक्याला रुमाल, आणि पाठ अशी वाकलेली की घरी गेल्यावरही सरळ होताना ती आधी विचार करते. विरळणी आठवडाभर चुकली तर तण बीटाच्या उरावर बसतं. त्या वर्षी पेरणी उशिरा झाली, आणि विरळणी नेमकी निवडणुकीच्या तोंडावर आली.

हुजूर पक्षाचा उमेदवार शेतावर आला तो मेजरच्या गाडीतून. मेजर हा तालुक्यातल्या हुजूरांचा अध्यक्ष. गावातली शेती त्याची, घरं त्याची, चरांतलं पाणी उपसणारं पंपघर त्याचं. उमेदवार उंच होता, हसतमुख होता, थंडी होती म्हणून हातात पिवळ्या कातड्याचे मोजे होते. त्यानं ओळीतल्या प्रत्येकीशी हात मिळवला. हेस्टरनं आपला हात गोणपाटाला पुसला आणि पुढे केला. त्यानं तो मोज्यातूनच धरला. पुढच्या बाईकडे जाताना त्यानं मोज्याचा तळवा हळूच उलटा करून पाहिला. ते हेस्टरनं पाहिलं, आणि शेजारच्या ओळीतल्या डोरा मॅकनंही.

गाडी बांधाआड गेली आणि डोरानं खुरपं चालवता चालवता सूर धरला. टोळीत डोराचा गळा मोठा आणि जीभ त्याहून मोठी.

साहेब आले बांधावरी, हातमोजा काढवेना
काळ्या मातीचा गं हात, त्यांच्या हाती बसवेना

बायका हसल्या. ओळ पुढे सरकली. हेस्टर हसली नाही. ती तळहाताकडे बघत होती.

मिस ऑल्सॉप आल्या त्या सायकलवरून, दुपारच्या सुट्टीत. मजूर पक्षाचं तालुक्याचं काम त्या बघायच्या. चराच्या काठावर बायका बसल्या होत्या, बाटलीतला गार चहा, पाव, चीज, कांदा. मिस ऑल्सॉप त्यांच्यातच गवतावर टेकल्या. कापलेला कांदा कुणीतरी पुढे केला, तो त्यांनी खाल्ला. मग कामाचं बोलल्या. मतदानाच्या दिवशी पक्षाला गावोगाव एक खोली लागते. मतदान शाळेत, तिच्या दारात कोण मत देऊन गेलं ते कळत राहतं, खोलीत त्याच्या नावावर काट मारायची, राहिलेल्यांच्या घरी माणूस धाडायचा. बूट शिवणारा बन नावाचा म्हातारा होता तोवर त्याच्या दुकानात ही खोली असायची. गावात मेजरचं नसलेलं ते एकच छप्पर. बन थंडीत वारला, दुकान विकलं गेलं. मागच्या खेपेला हा मतदारसंघ अगदी थोडक्या मतांनी गेला, त्या म्हणाल्या, आणि फेनातली निम्मी माणसं शेतावरून आली ती बूट काढून निजली. कुणी दार वाजवलं असतं तर गेली असती.

बायका पाव चघळत होत्या. प्रत्येकीचं घर तिच्या नवऱ्याच्या कामाला बांधलेलं. काम गेलं की घर गेलं. मेजरची नोकरी आणि मेजरचं छप्पर एकाच खिळ्यावर टांगलेले.

"माझ्याकडं या," हेस्टर म्हणाली. "समोरची खोली देते."

डोराचं चघळणं थांबलं.

समोरची खोली म्हणजे काय ते गावात सांगावं लागत नाही. सगळं घर मागच्या दारानं जगतं. स्वयंपाकघरात जेवायचं, तिथंच अंघोळ, तिथंच भांडायचं. समोरची खोली नाताळला एकदा उघडायची. एरवी तिच्यात उत्तम सोफा, ज्यावर कुणी बसत नाही, चिनीमातीची दोन कुत्री, आणि थंडगार वास. त्या खोलीतून रस्त्यावर जाणारं समोरचं दार तर फक्त मढ्यासाठी. मागच्या दाराचं वळण शवपेटीला जमत नाही. थर्केटलांच्या घरात ते शेवटचं उघडलं रूबेनची आई गेली तेव्हा. त्यानंतर सुकत चाललेली भुई आणखी खचली, घर एका अंगाला कललं, चौकट वाकली, दार फुगून बसलं.

संध्याकाळी रूबेननं ऐकलं, मेजरच्या दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडून. घरात येऊन टोपी काढली नाही.

"मला विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास."

"व्हय, म्हणालो असतो. घर कुणाचं हाय?"

"घर त्याचं असंल. फरशी मी पुसते."

कोपऱ्यात चुलीजवळ म्हातारा ओबेद खोकत होता. रूबेनचा बाप. त्याच्या छातीत आयुष्यभराची काळी धूळ भरलेली. खोकून झाल्यावर तो म्हणाला, मला काही विचारू नका, मी तर दर निवडणुकीला मेजरच्या गाडीतूनच मत द्यायला जातो. गाडीला हुजूरांची निळी फीत असते, गाद्या मऊ असतात. मेजरच्या बापाच्या वेळेला बग्गी असायची. आणि आत जाऊन दर वेळी त्यांच्याविरुद्ध फुली मारून येतो. हे सांगताना म्हातारा स्वतःवरच खूष होऊन हसायचा. घरातल्यांनी हे शंभरदा ऐकलं होतं. त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही.

रूबेन दुसऱ्या दिवसापासून मुका झाला. तोंडानं नाही, चहा दे, मीठ दे, एवढं बोलायचा. पण रात्री पाठ करून निजायचा आणि सकाळी ती उठायच्या आत निघायचा. हेस्टरला राग सोसला असता. ही पाठ सोसवत नव्हती. कारण त्याचं भय तिला ठाऊक होतं. त्याच्या लहानपणी, कापणीनंतरच्या मिकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाला, जेव्हा मजुरांची वर्षाची बोली संपते, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर बिऱ्हाड हलवताना, ओबेदच्या गाड्यावर घड्याळ धरून तो बसला होता आणि पाऊस लागला होता. अजून घरात घड्याळ खाली उतरवलेलं त्याला बघवत नाही.

मग पर्सी रिक्स आला. मेजरचा मुकादम. शाळेत तो आणि हेस्टर एका बाकावर होते, पण आता त्याच्याकडे सायकल नव्हती, मोटार होती. मागच्या दारानं न वाजवता आत शिरला, जसा सगळ्यांच्याच घरात शिरायचा. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं. टेबलावर केकचा तुकडा होता, तो उचलला. खाता खाता म्हणाला की नवा ट्रॅक्टर घ्यायचा विचार चाललाय, नवा माणूसही लागेल, त्याला घर लागेल. मेजर म्हणतात, मिकेलमसला हे घर बहुतेक लागणार.

"बहुतेक?" हेस्टर म्हणाली.

"बहुतेकच. अजून ठरलं न्हाई."

"खोली उघडली तर ठरंल."

पर्सीनं उरलेला केक तोंडात टाकला. मिशीला केकचा चुरा लागला होता.

"तुझ्या भल्याचं सांगतो, हेस्टर. मजूर पक्षाच्या त्या टेबटला मत दे की, कोण बघतंय? म्हातारा देतो तसं. पण दार कशाला उघडतीस?"

"कोण बघत न्हाई म्हणूनच," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं समोरच्या खोलीत जाऊन दाराला खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा लावला. चौकटीवरून धूळ पडली, एवढंच. दोन्ही हात दारावर टेकून ती उभी राहिली, कपाळ लाकडाला लावून. लाकडाला अजून सासूच्या वेळच्या पॉलिशचा वास होता.

टोळीत कुणी तिला उघड काही म्हणालं नाही. पण जेवताना तिच्या शेजारी जागा मोकळी राहू लागली. नेल नावाची पोरसवदा बाई, नुकती लग्न झालेली, डोळे चुकवायची. फक्त डोरा टेकायची जवळ, आणि म्हणायची, रस्त्यावर आलीस तर माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात ये, दोन कोंबड्या कापून जागा करते.

मतदानाच्या आदल्या दिवशी हेस्टर शेतावरून परतली तेव्हा ऊन अजून तिरपं चराच्या पाण्यावर होतं. घराजवळ येताना तिला आवाज आला. सर्र, सर्र. पुढच्या अंगणात रूबेननं समोरचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन खुर्च्यांवर आडवं घातलं होतं आणि वाकून रंधा मारत होता. पिवळ्या लाकडाचे कुरळे तुकडे त्याच्या बुटांभोवती पडले होते. घराला दाराच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यातून पहिल्यांदाच संध्याकाळचा उजेड सोफ्यावर पडला होता.

ती कुंपणाशी थांबली.

"मालकाचं दार हाय," ती म्हणाली.

"रंधाबी मालकाचाच हाय," तो म्हणाला. "शेतावरच्या सुतारखान्यातून आणला."

मग तो बोलत राहिला, रंधा न थांबवता. मेजर स्वतः शेतावर आला होता. ट्रॅक्टर थांबवायला लावला. खाली उतर म्हणाला नाही, काही नाही, घोड्यावरूनच म्हणाला, थर्केटल, बायकोला आवर.

"त्याच्या बापाची घोडी मी आवरली. त्याचीबी आवरली." त्यानं दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, खडबडीत होतं तिथं पुन्हा रंधा लावला. "तू घोडी न्हाईस."

तिनं खुरपं कुंपणाला टेकवलं आणि दाराचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ते उचललं. जड होतं. चौकटीत बसवताना तो म्हणाला वर, ती म्हणाली थोडं तुझ्याकडं, आणि दार आत गेलं. उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आतून म्हातारा ओबेद ओरडला की कोण मेलं.

सकाळी खिडकीला मजूर पक्षाचं लाल कापड लागलं. मिस ऑल्सॉप कागदांची चळत घेऊन आल्या, टेबल मांडलं, कुत्री उचलून कपाटावर ठेवली. हेस्टरनं किटली दोनदा भरली. कुणी येईल की नाही ते ठाऊक नव्हतं. रूबेन मतदान सुरू होताच, कामाला जाताना मत देऊन गेला होता, टोपीत लाल फीत खोचून, आणि ती फीत घेऊनच ट्रॅक्टरवर बसला होता.

पहिली आली डोरा. फाटकातून आत आली आणि पायऱ्यांशी थबकली. सवयीनं तिचे पाय मागच्या दाराकडे वळत होते.

"इथनं?" ती म्हणाली.

"इथनंच," हेस्टर म्हणाली.

डोरानं खाली बसून बूट काढले. चिखल नव्हता, तरी काढले. पायमोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर आलेला. तशीच उंबरा ओलांडून आत आली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसली, जणू तो मोडेल. मग चहा पिता पिता ती थोडी मागे सरकली, मग आणखी, मग पाठ टेकली. म्हणाली, एवढा मऊ सोफा ठेवून तुम्ही सगळी त्या लाकडी बाकावर मरता होय.

दुपारनंतर टोळीतल्या बाकीच्या येऊ लागल्या. शेतावरून थेट, गोणपाट कमरेला तसंच, खुरपी बाहेर भिंतीला टेकवून. भिंतीला खुरप्यांची रांग लागली. कागदावर काट पडू लागली. कुणाचा दीर राहिलाय, कुणाची सासू राहिलीय, ते बायकांना कागदाआधी ठाऊक होतं. नेल शेवटी आली. तिचा नवरा मेजरच्या तबेल्यात होता. ती दारात उभी राहिली, आत आली नाही, म्हणाली, आमचे हे बूट काढून निजलेत, कुणी हाक मारली तर येतील. मग डोराच गेली, आणि तिची हाक अर्ध्या गावानं ऐकली.

आणि मग मोटार आली. बॉनेटवर निळी फीत, पर्सी रिक्स चालवत. ओबेदला न्यायला, दर निवडणुकीसारखी. पर्सी मागच्या दाराकडे गेला आणि आत हाक दिली की चला म्हातारबा, गादी गरम आहे.

ओबेद तयारच होता. रविवारी चॅपलला प्रार्थनेला घालायचा काळा सूट, कॉलर, जुनं घड्याळ. तो चुलीजवळून उठला, पण मागच्या दाराकडे गेला नाही. स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत आला. बायकांनी वाट करून दिली. म्हातारा उघड्या दाराकडे बघत उभा राहिला.

"माझी आई ह्या दारानं गेली," तो म्हणाला. "बायको गेली. पुढचा नंबर माझा, म्हणून मी त्याच्याकडं बघत नव्हतो." खोकला आला, तो जाऊ दिला. "आज जितेपणी जातो."

पर्सी घराला वळसा घालून पुढे आला होता. गाडी आहे की, एवढ्या लांब चालून छाती फुटेल, असं समजावू लागला.

"पर्सी, तुझ्या मालकाच्या गाडीतनं जाऊन मी त्याच्याविरुद्ध मत दिलं. दर वेळी." म्हातारा शांतपणे म्हणाला. "गाडी झकास. पण लपून दिलं. तुला आज सांगितलं, आता तूच सांग त्याला."

भिंतीशी उभ्या खुरप्यांतलं एक त्यानं काठी म्हणून उचललं. हेस्टरनं दुसरा हात धरला. पायऱ्या उतरले, फाटकातून रस्त्याला लागले. फेनातला रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना पाण्याचे चर आणि मधे एकाच गाडीपुरती वाट. पर्सीला गाडी घेऊन परत जायचं तर त्याच वाटेनं. वळवायला जागा नाही, पुढे जायला जागा नाही. तेव्हा म्हातारा पुढे, खुरपं टेकत, दर चार पावलांनी थांबत, आणि मागे निळी फीत लावलेली मेजरची मोटार, रांगत. म्हातारा थांबला की गाडी थांबायची. म्हातारा खोकला की इंजिनही खोकायचं. बायका घरातून निघाल्या आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी, चराच्या काठाकाठानं चालू लागल्या. वाटेतल्या घरांतून माणसं बाहेर आली, बघत राहिली, आणि त्यातली काही बूट चढवून मागे लागली. मेजरच्या गाडीमागे एवढी माणसं कधी चालली नव्हती. डोरानं सूर धरला, नवाच.

समोरचं माझं दार, मेल्यासाठी राखलेलं
जित्या पावलानं आज, आम्ही त्याला ओलांडलं

शाळेच्या दारात म्हाताऱ्यानं घाम पुसला, कॉलर नीट केली आणि एकटा आत गेला.

दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं. मतदारसंघ हुजूरांकडेच राहिला. फरक मागच्यापेक्षा वाढला होता. देशातही तसंच झालं. गावाची मतं वेगळी मोजत नाहीत, सगळ्या पेट्या एकत्र ओततात, त्यामुळे कॉपर्स फेननं काय केलं ते कुणालाच कळणार नव्हतं. मिस ऑल्सॉप टेबल न्यायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. एवढंच म्हणाल्या, ह्या गावातून इतकी माणसं कधी बाहेर पडली नव्हती.

त्या सकाळी हेस्टरनं खुरपं उचललं नाही. तिनं कुणाला काही सांगितलंही नाही. मिकेलमसला जे घर सोडायचं त्याच्या मालकाचं बीट आपण का राखायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती पुढच्या पायरीवर बटाटे सोलत बसली. टोळी शेताकडे जाताना फाटकाशी आली. डोरानं तिच्याकडे बघितलं, बटाट्यांकडे बघितलं, आणि पायरीवर येऊन बसली. मग दुसरी. नेल सगळ्यात उशिरा बसली, पण बसली. मांडीवर खुरपी आडवी. शेतात तण उभं होतं, बीटाची पानं त्याच्यात दिसेनाशी होत होती. घोड्यावरून मेजर एकदा रस्त्यानं गेला. मान वळवली नाही. परत येताना वळवली.

शनिवारी पर्सी रिक्स आला. मागच्या दाराला हेस्टरनं आतून कडी घातली होती. त्यानं कडी खडखडवली, थांबला, मग घराला वळसा घालून पुढे आला. समोरचं दार उघडंच होतं. आत रूबेन बसला होता, सोफ्यावर ओबेद. पर्सी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. उघड्या दारावर त्यानं बोटानं टकटक केलं. टोपी काढली.

हेस्टर पुढे आली.

"मेजरनी विचारलंय, सोमवारी टोळी बीटावर येणार ना."

"आणि घराचं?"

"घराचं ते काही बोलले न्हाईत."

"बोलले होते. बहुतेक म्हणाले होते."

"आता काहीच म्हणत न्हाईत."

हेस्टरनं हात एप्रनला पुसले. घाईनं नाही.

"मग मीबी सोमवारचं काही म्हणत न्हाई, पर्सी. घर राहतंय हे त्यानं ह्या दारात येऊन, तोंडानं सांगायचं. तोवर बीट त्याचं आणि तण त्याचं."

पर्सीनं रूबेनकडे बघितलं. रूबेन चहात साखर ढवळत होता.

"तिला विचार," रूबेन म्हणाला. "मला कशाला बघतोस?"

पर्सी टोपी हातातच धरून फाटकापर्यंत गेला. तिथं घालायची आठवण झाली.

दुपारी वारा उठला. चराच्या पलीकडे भुई धूसर झाली, मग काळी झाली, आणि बारीक धूळ रस्ता ओलांडून पायऱ्या चढून आत आली. चिनीमातीच्या कुत्र्यांवर बसली, सोफ्यावर बसली. ओबेद खोकला आणि म्हणाला, दार लाव गं पोरी, सगळी खोली भरली.

हेस्टरनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली, त्याला चुलीजवळ नेऊन बसवलं. परत येऊन तिनं दाराला बाहेरून एक वीट लावली, वाऱ्यानं मिटू नये म्हणून. रस्ता लांबवर मोकळा होता. त्याच्या टोकाला, धुळीत, घोड्यावर कुणीतरी इकडेच येत होतं, किंवा नुसतंच उभं होतं.

"येऊ दे धूळ," ती म्हणाली. "झाडीन मी."

आणि झाडू घेऊन दारातच उभी राहिली.